बोटीवर रात्रीच्या जेवणाला काय घालावे?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. मी मालवणजवळच्या एका गावचा. बावीस वर्षे प्रवासी बोटींच्या जेवणाच्या दालनात काम केले, टेबले आवरणाऱ्या मदतनिसापासून सुरुवात केली आणि हेड वेटर असताना निवृत्ती घेतली. तेव्हापासून नात्यात किंवा ओळखीत कोणी क्रूझचे तिकीट काढले की मला फोन येतो. व्हिसा, औषधे, बोट लागेल का, हे प्रश्न नंतर येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की रात्रीच्या जेवणाला सूट लागतो म्हणतात, तर शिवायला टाकावा का.

माझे उत्तर असे की सूट घरात असेल आणि अंगाला बसत असेल तर अवश्य न्या, पण केवळ सात-आठ दिवसांच्या प्रवासासाठी नवा शिवू नका. तुमच्याकडे चांगला बंदगळा किंवा रेशमी कुर्ता व जाकीट असेल, आणि बाईंकडे एक-दोन चांगल्या साड्या असतील, तर जगातल्या बहुतेक बोटींवर तुम्ही पुरेसे नटलेले आहात. हे मी धीर देण्यासाठी सांगत नाही. दालनाच्या दारात उभे राहून हजारो माणसांना आत घेतल्यावर जे कळले तेच सांगतो आहे.

आधी बोट कोणती, ते पाहा. कारण सगळ्या बोटींचा नियम एक नाही, आणि निम्मा गोंधळ एका बोटीचा अनुभव दुसरीला लावल्याने होतो. पोशाखाबाबत आज सर्वांत काटेकोर म्हणावी ती क्युनार्ड कंपनी. तिची ‘क्वीन मेरी 2’ ही बोट 2004 पासून साउथहॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये ये-जा करते; एकदा निघाली की साधारण सात रात्री अटलांटिकवर असते. तिथे संध्याकाळी सहा वाजल्यानंतर बोटीच्या बहुतेक भागांत नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो, आणि सात रात्रींपैकी सहसा दोन ‘गाला’ संध्याकाळी असतात, ज्यांना पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि बो किंवा टाय, आणि स्त्रियांनी समारंभाचा वेश करावा असे कंपनी सांगते. त्याच नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख किंवा लष्करी गणवेशही चालेल, असे स्पष्ट म्हटलेले आहे. स्कॉटिश प्रवासी त्यामुळेच किल्ट, म्हणजे त्यांचा पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालून येतात आणि सगळे त्यांच्याकडे कौतुकाने पाहतात. आपल्या माणसांना मात्र हे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही.

बाकीच्या कंपन्या पुष्कळ सैल आहेत. प्रिन्सेसच्या बोटींवर औपचारिक रात्री असतात, पण चांगला शर्ट-पँट घातलेल्या माणसाला कोणी घालवून देत नाही. सेलिब्रिटी कंपनीने 2015 च्या अखेरीस ‘फॉर्मल’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या रात्रींना अधिक मोकळे नाव दिले. नॉर्वेजियन कंपनी तर 2000 च्या सुमारापासून, कुठेही, केव्हाही, आवडेल तसे जेवा असेच सांगत आली आहे. आपल्याकडे 2021 पासून मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या बोटीवर तुम्ही एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवायला जाताना जसे कपडे घालाल तसे घातले की झाले. दोन रात्रींच्या त्या प्रवासासाठी सूट बांधून नेण्याचे काहीच कारण नाही. सिंगापूरहून निघणाऱ्या ज्या बोटींनी आपले सहल-गट जातात, त्यांवरही साधारण हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे कपड्यांचा हा नियम मुख्य दालनाचा असतो, साऱ्या बोटीचा नव्हे. वरच्या डेकवर बफे असतो, केबिनमध्येही जेवण मागवता येते, आणि ज्याला नटायचे नाही त्याची उपासमार कोणत्याही बोटीवर होत नाही. पण क्युनार्डसारख्या बोटीवर गाला संध्याकाळी साध्या कपड्यांतल्या माणसाला बफे, पब अशा मोजक्याच जागा मोकळ्या राहतात आणि नाचाचे दालन, बहुतेक बार, मुख्य जेवण यांना मुकावे लागते. त्याच संध्याकाळी बोटीचा फोटोग्राफर जिन्यावर उभा असतो, कप्तान प्रवाशांना भेटायला येतो, वेटरही वेगळे जाकीट घालतात. पैसे भरून गेल्यावर हे चुकवू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ज्या प्रसंगामुळे मी या प्रश्नाचे उत्तर इतके लांबवतो, तो सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका बोटीवर साधा वेटर होतो. औपचारिक रात्र होती. दारात सत्तरीचे एक गृहस्थ आले: पांढरेशुभ्र धोतर, फिकट पिवळा रेशमी कुर्ता, खांद्यावर जरीकाठी उपरणे, पायात बंद मोजड्या. शेजारी त्यांच्या पत्नी नऊवारीत. त्या दालनात त्या रात्री त्यांच्याइतके व्यवस्थित कपडे केलेला दुसरा पुरुष नव्हता. दारावरच्या वरिष्ठाने पत्नीला हसून आत यायला सांगितले आणि त्यांना मात्र म्हणाला की साहेब, आज पँट लागेल. मी दहा पावलांवर पाण्याचा जग घेऊन उभा होतो. त्या दोघांनी वाद घातला नाही. ती दोघे वर बफेला गेली. मी काही बोललो नाही, कारण माझा करार नवा होता आणि वरिष्ठ जे सांगतो तोच नियम, असे मला वाटत होते. दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या जेवणघराबाहेर लावलेला नियमाचा कागद नीट वाचला, तर त्यात राष्ट्रीय पोशाखास परवानगी असल्याचे छापलेले होते. वरिष्ठाला किल्ट ठाऊक होता, धोतर ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक होते तो मी गप्प राहिलो होतो. पुढे मी स्वतः दारावर उभा राहू लागलो तेव्हा नव्या मुलांना पहिल्याच दिवशी धोतर, लुंगी, बंदगळा, फिलिपिनो लोकांचा बारोंग शर्ट आणि किल्ट यांतला फरक समजावून सांगत असे.

हे आपल्या देशातही घडते. चेन्नईच्या एका क्लबात 2014 साली वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना अडवले गेले, आणि त्यानंतर तमिळनाडूने अशा बंदीविरुद्ध कायदाच केला. म्हणून मी कोणाला ‘तुम्ही धोतर नेसूनच जा, बघू कोण अडवतो’ असे सांगत नाही. प्रवासाला गेलेल्या माणसाने आपली संध्याकाळ लढाईत घालवू नये. धोतर रोज नेसणाऱ्याने, सराईतपणे वावरता येणाऱ्याने अवश्य नेसावे, पण आधी कंपनीला मेलवर विचारून उत्तर जवळ ठेवावे. इतरांसाठी बंदगळा सर्वांत निर्धास्त. काळा किंवा गडद निळा, त्याच रंगाची पँट, पायात काळे बूट. टाय नको, बो नको, गळा आवळत नाही, आणि कोणत्याही देशाच्या दारवानाला तो समारंभाचा पोशाख आहे हे पाहताक्षणी कळते. आपले राजदूत परदेशी राष्ट्रप्रमुखांपुढे याच कोटात जातात.

कुर्त्याबद्दल थोडे सावध राहा. रेशमी किंवा टसरचा पूर्ण बाह्यांचा कुर्ता, त्यावर जाकीट आणि खाली चुडीदार किंवा सुरवार, हा वेश गाला रात्रीही शोभतो. सुती कुर्ता आणि जीन्स हा मात्र कुठल्याच औपचारिक रात्रीचा पोशाख नाही, तो आपल्याकडच्या लग्नातही नसतो. कोल्हापुरी चपला मला अतिशय प्रिय आहेत, पण पुरुषांच्या उघड्या चपला कित्येक दालनांत चालत नाहीत; मोजडी किंवा बूट न्या. स्त्रियांच्या पायातल्या कोल्हापुरीला मात्र कोणी हरकत घेतल्याचे मी पाहिले नाही.

ज्या डिनर जॅकेटची आपण इतकी धास्ती घेतो, त्याची गोष्टही फार जुनी नाही. लंडनच्या सॅव्हिल रोवरील हेन्री पूल यांच्या पेढीने 1865 साली प्रिन्स ऑफ वेल्ससाठी शेपटीचा लांब कोट टाळून आखूड कोट शिवला, घरगुती जेवणात आरामशीर वाटावे म्हणून. म्हणजे तो मुळात सैलावण्याचा कपडा. त्याच्यासोबत कमरेला जो रेशमी पट्टा बांधतात त्याचे इंग्रजी नाव ‘कमरबंद’ या फारसी शब्दावरून आलेले, तो भारतातूनच गेलेला. इथल्या उन्हाळ्यात वेस्टकोट सहन होईना म्हणून एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो उचलला. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात कोट काढून पांढरा शर्ट आणि नुसता हा पट्टा एवढ्यावर जेवायला बसण्याची मुभा असे, आणि त्या वेशाला आजही तांबड्या समुद्राचेच नाव आहे. हवामानापुढे तेव्हाच्या साहेबांनीही नियम वाकवला होता, हे लक्षात ठेवावे.

साडीबद्दल मला सर्वांत जास्त विचारले जाते, आणि इथे खरोखर काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. पहिली अशी की बोटीच्या केबिनमध्ये स्वतःची इस्त्री किंवा कपड्यांना वाफ देणारे यंत्र नेऊ देत नाहीत. आगीची भीती असते आणि तपासणीत ते काढून घेतात. काही बोटींवर प्रवाशांसाठी धुलाईखोली असते आणि तिथे इस्त्री मिळते, ‘क्वीन मेरी 2’ वर ती आहे. बाकी ठिकाणी पैसे देऊन कपडे इस्त्री करून घ्यावे लागतात. तेव्हा कडक खळीची सुती साडी टाळावी. दुसरी गोष्ट, पैठणी. येवल्याची पैठणी घेऊन जावी असे प्रत्येकीला वाटते, आणि ती दालनात आली की शेजारच्या चार टेबलांवरून विचारणा होते, हेही खरे. पण समुद्राची खारी दमट हवा खऱ्या जरीला सोसत नाही, आणि एकामागून एक पाच पदार्थ येणाऱ्या जेवणात सॉसचा थेंब कधी पडेल ते सांगता येत नाही. आईची किंवा आजीची जुनी पैठणी घरी ठेवा. नवी, फार जड नसलेली असेल तर मलमलच्या कापडात गुंडाळून एकच न्या आणि कप्तानाच्या रात्री नेसा. दुसऱ्या औपचारिक रात्रीसाठी माहेश्वरी, चंदेरी किंवा नारायणपेठ उत्तम; वजनाला हलक्या असतात.

तिसरी गोष्ट चालण्याची. मोठी बोट फारशी हलत नाही असे सांगतात, आणि ते शांत समुद्रात खरे आहे. अटलांटिकवर किंवा बिस्केच्या उपसागरात वारा उठला की जिना पायाखालून किंचित सरकतो. टाच बेताची ठेवा, निऱ्या पावलापासून बोटभर वर घ्या, पदराला पिन लावा. जेवणानंतर उघड्या डेकवर जायचे असेल तर पदर कमरेला खोचून घ्यावा, कारण तिथला वारा कोकणातल्या समुद्रकाठच्या वाऱ्यासारखा थांबून थांबून येत नाही, सतत लागतो. नऊवारी नेसणाऱ्यांना यातला कुठलाच त्रास होत नसे, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ज्यांना साडीची सवय नाही त्यांनी चांगला पंजाबी ड्रेस घालावा; त्यालाही तितकाच मान आहे. आणि एक शाल प्रत्येकीने न्यावी, दालनातला एसी सूट घातलेल्या माणसांच्या हिशेबाने लावलेला असतो.

मुलांना स्वच्छ शर्ट-पँट किंवा फ्रॉक पुरे. साध्या रात्रींना कॉलरचा शर्ट आणि पूर्ण पँट. न फाटलेली गडद जीन्स पुष्कळ ठिकाणी चालते. हाफपँट, बिनबाह्यांचे बनियन, रबरी चपला आणि टोपी रात्री मुख्य दालनात आणू नका. माझा आग्रह नियमापुरता नाही. खाली भटारखान्यात माणसे दुपारपासून उभी असतात, वर आम्ही प्रत्येक पेला वाफेवर धरून पुसलेला असतो. पाहुणा पोहण्याच्या तलावावरून तसाच उठून टेबलावर आला की वाढणाऱ्याला ते लागते, चेहऱ्यावर तो दाखवत नाही इतकेच.

सामान बांधताना पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि केबिनच्या दाराशी पोहोचायला कधी कधी रात्र होते. म्हणूनच पहिल्या रात्री औपचारिक वेश न ठेवण्याची जुनी चाल आहे. औपचारिक रात्री बहुधा ज्या दिवशी बोट बंदराला लागत नाही त्या दिवशी ठेवतात, आणि कोणत्या ते केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात किंवा बोटीच्या ॲपवर लिहिलेले असते.

निघण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरचे पोशाखाचे पान उघडून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कोणी दारात अडवलेच, तर परत फिरू नका. शांतपणे ते पान दाखवा आणि मेत्र-डीला, म्हणजे दालनाच्या प्रमुखाला, बोलावायला सांगा. आणि आत नजर टाका. रत्नागिरीचा, वेंगुर्ल्याचा किंवा मडगावचा कोणीतरी ट्रे घेऊन उभा असण्याची शक्यता खूप आहे. त्याला मराठीत हाक मारा, म्हणजे मध्ये पडायला त्याला निमित्त मिळेल.