रोवणीच्या चिखलात कॅमेरा : अर्जुनी मोरगावचे तीन दिवस

आषाढात झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धान आणि तलावांच्या भागात, जायचं तर कॅमेरा घरीच ठेवायचा, असं मी चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं. त्या साली हौसेने एक वापरलेला वॉटरप्रूफ कॅमेरा घेतला होता. बांधीच्या (भातखाचराच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी असताना पहिल्याच सरीत त्याच्या काचेमागे धुकं धरलं आणि संध्याकाळी तो बंद पडला तो पडलाच. घेताना मी फक्त एक आकडा पाहिला होता : इतके मीटर खोल चालतो. बॅटरीच्या झाकणाखालचं रबर कसं आहे, हे बघायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

यंदा पुन्हा गेले, आणि आता सांगण्यासारखं काही हाताशी आहे. शाळेतल्या मुलांना दाखवायला रोवणीचे (भातलावणीचे) आणि तलावातल्या पाणवनस्पतींचे फोटो हवे होते. नागपूरहून भंडारा, साकोली आणि तिथून नवेगावबांधकडे वळून गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आत्याच्या गावी मुक्काम. साकोलीपर्यंत महामार्ग आहे, साधारण १०५ किलोमीटर, त्यात अडचण नाही. पुढे पावसात वेळ हाताशी ठेवूनच निघा. गोंदिया–बल्लारशाह मार्गावरची रेल्वेगाडीही अर्जुनीला थांबते. नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं, म्हणून सफारीच्या आशेने या दिवसांत येऊ नका. या दिवसांत इथे बघायची ती शेतं आणि तलाव.

सोबत तीन साधनं होती. माझा वापरलेला रिको डब्ल्यूजी-७०, दादाचा (मावसभावाचा) ऑलिंपस टीजी-६, आणि प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घातलेला माझा फोन.

फोनचं आधी सांगते, कारण बहुतेकांच्या हातात तोच असतो. फोनवर आयपी६८ (धूळ-पाणी आत शिरत नाही याची खूण) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी स्वच्छ, स्थिर, गोड्या पाण्यातली असते. बांधीतल्या गाळाची नव्हे. शिवाय फोन एकदा पडला, उघडून दुरुस्त झाला, की ती हमी मनातून काढून टाकायची. पाऊचमध्ये घातला तर तासाभरात आतून वाफ धरते. ओल्या बोटांनी स्क्रीन ऐकत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढता येतो का ते घरीच बघून ठेवा. मी पहिल्या दिवशी दुपारनंतर फोन पिशवीत टाकला तो फक्त घरी कळवण्यापुरता काढला.

आता कॅमेरे. डब्ल्यूजी-७० हा १४ मीटरपर्यंत आणि टीजी-६ १५ मीटरपर्यंत चालतो, असं कंपन्या सांगतात. निकॉनचा डब्ल्यू३०० ३० मीटर, पॅनासॉनिकचा एफटी७ ३१ मीटर. हे आकडे समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या कामाचे. आपल्या बांधीत पाणी पोटरीपर्यंत, तलावात माणूस उतरतो ते कमरेपर्यंत. त्यातून जुलैत तलावाला नवं पाणी येत असतं, ते चहासारखं गढूळ. मी कॅमेरा वीतभर बुडवून फोटो काढला, पडद्यावर नुसता तपकिरी रंग. ‘काहून बुडवून रायल्या जी मॅडम, काही दिसते का त्यात?’ पाळीवरच्या (तलावाच्या बांधावरच्या) काकूंनी विचारलं. काहीच दिसत नव्हतं. पाण्याखालचे फोटो हवे असतील तर गाळ खाली बसल्यावर, दिवाळीच्या आगेमागे या. तोवर जास्त खोलीसाठी जास्त पैसे मोजू नका.

पैसे मोजायचे ते दोन गोष्टींसाठी. एक, झाकण. दुसरी, जवळून फोटो घेण्याची ताकद.

झाकणाचं असं. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी संपली आणि मी आंब्याखाली बसून झाकण उघडलं. आतलं काळं रबर कोरडं होतं, पण कडेला गवताची एक काडी चिकटली होती, केसाएवढी. ती तशीच राहून झाकण लागलं असतं, ‘टक्’ असा आवाजही आला असता, आणि त्या काडीच्या बाजूने पाणी आत शिरलं असतं. चार वर्षांपूर्वी बहुधा हेच झालं असावं. कोरड्या, सूत न सोडणाऱ्या कापडाने रबर पुसलं, नखाने नाही, आणि मगच बंद केलं. त्यानंतर नियम केला : झाकण फक्त रात्री, छपराखाली, हात कोरडे करून उघडायचं. म्हणजे दिवसभर पुरेल अशी भरलेली बॅटरी आणि मोकळं कार्ड सकाळीच आत हवं. (या दोन कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्यांच्या नावात ९२ आहे, पण एकाची दुसऱ्यात बसत नाही. आम्ही बसेल असं गृहीत धरून एकच जादा बॅटरी नेली होती.)

वापरलेला कॅमेरा घेणार असाल तर दुकानात झाकण उघडून बघा. रबराला चीर, चपटेपणा, पांढरट बुरशी, बॅटरीच्या पितळी टोकांवर हिरवट डाग यांतलं काहीही दिसलं तर परत ठेवा. काचेमागे ओल दिसली तरीही. हे रबर दरवर्षी बदलून घ्यावं असं ऑलिंपससारख्या कंपन्याच सांगतात. तेव्हा घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा की रबर आणि बॅटरी आज मिळते का. फुजीफिल्मचा एक्सपी१४०, डब्ल्यू३०० आणि एफटी७ आता बनत नाहीत. स्वस्तात दिसले तरी हे लक्षात ठेवा.

जवळच्या फोटोंसाठी मात्र हे दोन्ही कॅमेरे मला मनापासून आवडले. भिंग बाहेर येत नाही, आतल्या आत सरकतं, आणि वस्तू काचेपासून एक सेंटीमीटरवर असली तरी फोटो स्वच्छ येतो. तलावावर एका ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) मावशींनी जाळ्यातला एक झिंगा तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला. ढगाळ दुपार, अंधारून आलेलं. डब्ल्यूजी-७० च्या भिंगाभोवती सहा बारीक दिवे आहेत, ते लावले. पडद्यावर झिंग्याच्या पोटाखालची अंडी एकेक दिसली, हिरवट, मोहरीपेक्षा लहान, आणि खाली मावशींच्या तळहातावरच्या भेगा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आता हिला सोडतो जी,’ आणि पाण्यात सोडलं. या तालुक्यात ढिवर बायकांच्या गटांनी तलावांतली बेशरम (एक माजणारं तण) उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, मासे अंडी कुठे घालतात हे त्यांना चांगलं माहीत आहे. अशा माणसाला विचारूनच तलावावर फिरा.

टीजी-६ ला तसे दिवे अंगचे नाहीत, वेगळं कडं लावावं लागतं. पण त्याचं भिंग एफ/२ चं, जास्त उजेड घेणारं, आणि तो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो देतो, जे डब्ल्यूजी-७० देत नाही. सायंकाळी रोवणाऱ्या बायांची रांग, हातात पऱ्ह्यांच्या (भाताच्या रोपांच्या) पेंढ्या, मागे काळं आभाळ, हा फोटो दादाचाच चांगला आला. माझ्यात तो दाणेदार झाला. दोघांचाही सेन्सर (उजेड टिपणारा आतला भाग) १/२.३ इंची, म्हणजे लहान. कमी उजेडात त्याच्याकडून फार मागू नये. हलणारी माणसं नकोत, थांबलेली वस्तू टिपा. पैसे असते तर मी टीजी-६ घेतला असता. माझी मर्यादा २० हजारांची होती आणि पानं, मुळं, किडे यांसाठी माझ्या कॅमेऱ्याने मला कुठेच अडवलं नाही.

काही गोष्टी नेल्याशिवाय जाऊ नका. नारिंगी तरंगता पट्टा घ्या. हे कॅमेरे पाण्यात तरंगत नाहीत आणि गढूळ बांधीत पडलेला कॅमेरा चिखलात पायाने शोधावा लागतो. आम्ही शोधला, वीस मिनिटं, चार बाया रोवणी थांबवून मदतीला आल्या, याची मला आजही लाज वाटते. एक जुनं धोतराचं कापड काचेसाठी. एक बादली. रात्री साध्या पाण्यात दहा मिनिटं कॅमेरा बुडवून ठेवायचा, आतच बटणं दाबायची म्हणजे फटीतला गाळ सुटतो. मोटारीच्या पाइपाची धार मारू नका, त्या जोराला हे रबर टिकेलच असं नाही. मग पंख्याखाली सुकवायचा, चुलीजवळ नाही.

सारस दिसले तर धुऱ्यावरूनच बघा. या जिल्ह्यात ते पावसाळ्यात धानाच्या बांधीत आणि तलावाकाठी घरटी करतात, आणि या कॅमेऱ्यांच्या झूमने तो फोटो येणार नाही. त्यासाठी जवळ जाऊ नका.

रोवणाऱ्या बायांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं असतं, कंबर दुखत असते. आम्ही विचारलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर या असं सांगितलं, आणि त्या वेळी स्वतः गाणी म्हणत उभ्या राहिल्या. ते फोटो छापून आत्याकडे पाठवले आहेत. कार्तिकात पाणी निवळलं की स्वतः परत जाणार आहे, त्याआधी नवं रबर बसवून घ्यायचं आहे.