तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रग्जच्या बाबतीत अमेरिकेतलं सगळ्यात वाईट शहर कुठलं?

मी तिथे सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीत काम करते असं कळलं की हा प्रश्न येतोच, आणि ज्यांच्या मुलांची तिकडे ॲडमिशन झालेली असते ते तर हमखास विचारतात.

खरं सांगू? असा नंबर लावण्यात अर्थ नाही. माणसं किती नशा करतात यापेक्षा त्या शहरात माल कुठला येतो यावर मृत्यू ठरतात. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला हेरॉइन यायचं ते पांढऱ्या पावडरीचं, पश्चिमेला काळं, डांबरासारखं चिकट. फेंटानिल, म्हणजे हेरॉइनच्याच जातीचं पण कितीतरी जहाल असं कृत्रिम औषध, पांढऱ्या पावडरीत सहज मिसळतं. म्हणून 2014च्या सुमारास पूर्वेकडची शहरं आधी होरपळली आणि सिएटल, सॅन फ्रान्सिस्कोची पाळी काही वर्षांनी आली. तोवर पश्चिमेचे आकडे बरे दिसत होते, पण ते काही तिथली माणसं जास्त शहाणी होती म्हणून नव्हे!

त्यात आकडे उशिरा येतात. ओव्हरडोसने कोणी गेलं की रक्ताची तपासणी, मग दाखला, मग मृत्यूच्या कारणाचा कोड. यात महिने जातात. कोडही मोघम, फेंटानिल आणि ट्रॅमाडॉल हे त्यामानाने सौम्य वेदनाशामक एकाच कोडात. म्हणून 1976 पासून सरकारच्या 'नायडा' या व्यसनांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने वेगळी सोय केली होती. वेगवेगळ्या शहरांतले अभ्यासक वर्षातून दोनदा एकत्र बसायचे आणि इमर्जन्सी रूम, व्यसनमुक्ती केंद्रं, पोलिसांच्या लॅब इथली माहिती समोर ठेवायचे. मला ही पद्धत आजही पटते. 2014 मध्ये तिची जागा नव्या यंत्रणेने घेतली.

फिलाडेल्फियाचंच बघा. तिथे फेंटानिलमध्ये झायलाझिन, म्हणजे जनावरांना गुंगी आणायचं औषध, मिसळू लागले. हातापायांवर न भरणाऱ्या जखमा व्हायच्या. नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइन-फेंटानिलचा ओव्हरडोस उतरवणारं औषध, त्याचा झायलाझिनवर उपयोग नाही, तरी ते द्यायचंच, कारण सोबत फेंटानिल असतं. त्याचा बोलबाला होईपर्यंत 2024 मध्ये मेडेटोमिडिन हे तसलंच दुसरं औषध आलं. ते कळलं रस्त्यावरच्या मालाचे नमुने तपासून.

देशभरातले ओव्हरडोसचे मृत्यू 2023 मध्ये सुमारे 1,05,000 होते, 2024 मध्ये 80,000च्या आसपास आले.

तेव्हा शहराचं सोडा. मुलाला एवढंच सांगा, परीक्षेच्या दिवसांत मित्राने दिलेली 'ॲडरॉल'ची (अभ्यासात लक्ष लागावं म्हणून घेतात ती) सुटी गोळी घ्यायची नाही, ती नकली आणि फेंटानिलची असू शकते. नॅलोक्सोनचा नाकातला स्प्रे 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, तो खोलीत असू दे.