इंदूरला येताय? मग ओळखीची नावं विसरून या

परवा धाकट्या भावाचा मेसेज आला. "ताई, आम्ही ऑफिसातले चौघं उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला येतोय. एक रात्र इंदूरला आहोत. कुठं कुठं खायचं त्याची यादी पाठव." गेल्या तीन वर्षांत ही यादी मी इतक्या जणांना पाठवलीय की आता ती फोनमध्ये तयारच असते. पण यादीचा उपयोग होत नाही, हेही कळून चुकलंय. माणसं येतात, हौसेनं पोहे मागवतात, दोन घास खातात आणि म्हणतात, "यात शेंगदाणे कुठायत?"

नाहीत. इंदुरी पोह्यांत शेंगदाणे नसतात आणि त्याबद्दल इथं कुणाला खंत नाही.

आई अजून सांगलीत शेजारणींना "ती तिकडं परमुलखात असते" असं सांगते. परमुलूख म्हणावा तर माझ्या घरमालकीणकाकू रामबागेतल्या, होळकरशाहीपासून इंदूरकर, घरात गणपतीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळं आपल्यासारखंच. फक्त सकाळी दारातून हाक येते ती "काय करून राहिली गं?" अशी. खाण्याचंही अगदी तसंच आहे. शब्द आपलाच, पण चाल वेगळी. उसळ, पोहे, खिचडी, कचोरी ही नावं कानाला ओळखीची वाटतात, म्हणून आपण बेसावध राहतो आणि फसतो.

तर पोह्यांपासूनच सुरुवात करते. आपण कांदा परततो, फोडणी करतो आणि मग पोहे टाकतो. इथं पातेल्यात पाणी उकळत असतं आणि त्याच्या वाफेवर मोठ्या परातीत पोहे तासन्‌तास गरम राहतात. म्हणून ते कोरडे पडत नाहीत, मऊ राहतात. त्यात बडीशेप आणि धणे असतात, चव किंचित गोडसर. खरा खेळ वरून चालतो: कच्चा कांदा, मूठभर शेव, लिंबू आणि जीरावन. जीरावन म्हणजे जिरं, हिंग, आमचूर, काळं मीठ वगैरे घालून केलेली मसाल्याची पूड. इथली माणसं ती पोह्यांवर, फळांवर, काकडीवर, कशावरही भुरभुरतात. सोबत गरम जिलबी. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलबीचा. पहिल्या दिवशी मी जिलबी "नंतर खाईन" म्हणून बाजूला ठेवली, तेव्हा ठेलेवाल्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी भाकरी आधी आणि पिठलं नंतर खात होते.

पोहे कुठं खायचे, याला माझं उत्तर असं की सकाळी साडेसात-आठला जिथं गर्दी दिसेल तिथं. इंदूरमध्ये गल्लीच्या तोंडाशी पोह्यांचा ठेला नाही असा भाग मला तरी अजून सापडलेला नाही. पण राजवाड्याकडं जाणार असाल तर तिथले उसळपोहे चुकवू नका. पोह्यांवर तिखटजाळ उसळ ओततात. 'हेड साहब के पोहे' आणि 'प्रशांत' ही नावं कुणालाही विचारा. ही मिसळ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मिसळीच्या अपेक्षेनं खाल्लीत तर रुसाल. आणि कृपा करून पाव मागू नका. आमच्या एका पाहुण्यांनी मागितला होता.

खाऊन झालं की मान वर करून राजवाडा बघा. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. रिकाम्या पोटी तो बघण्यात मजा नाही.

आता सराफा. दिवसा जाल तर चांदीचे पैंजण घेऊन परत याल, कारण दिवसा तो खरोखरच सराफांचा बाजार आहे. रात्री आठ-नऊनंतर दुकानांची शटर खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढं चुली, कढया, तवे मांडले जातात. मध्यरात्र उलटून गेली तरी वर्दळ चालूच असते. रात्री माणसांची ये-जा राहिली तर सोन्या-चांदीची दुकानंही सुरक्षित, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं इथले जुने लोक सांगतात. खरं असो वा नसो, पटण्यासारखं आहे.

एक सूचना: संध्याकाळी जेवू नका आणि चौघांत एकच प्लेट घ्या. माझा भाऊ हे ऐकणार नाही, तुम्ही तरी ऐका.

मी पहिल्यांदा भुट्ट्याच्या किसाकडं वळते. कोवळं मक्याचं कणीस किसून तुपात परततात, दूध घालून शिजवतात, त्यात हिंग आणि हिरवी मिरची, वरून खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. बघायला उपम्यासारखा, पण तोंडात घातल्यावर कळतं की मक्याचा गोडवा आणि मिरची एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. वर्षभर मिळतो, पण पावसाळ्यात ताज्या कणसांचा खावा. थंडीत आलात तर गराडू. हा कंद आपल्या कोनफळाच्या घरातला. तुकडे करून तळतात, वर जीरावन, लिंबू. थंडीत सराफ्यात उभं राहून हातात गरम द्रोण धरला की सांगलीच्या थंडीला आपण उगाच थंडी म्हणत होतो हे लक्षात येतं.

जोशींचा दहीवडा खाण्याआधी बघायचा असतो. दह्यात बुडवलेल्या वड्याचा द्रोण हवेत उडवतात आणि झेलतात, दही सांडत नाही. मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेऊन एकेक वेगळा भुरभुरतात. लोक मोबाइल वर धरून उभे असतात. वडा मऊ आहे, छान आहे, पण खरं सांगायचं तर मी पुन्हा जाते ती द्रोणासाठी.

विजय चाट हाऊसचं खोपरा पॅटिस मात्र मी खाण्यासाठीच घेते. वर बटाट्याचं कुरकुरीत आवरण, आत ओल्या खोबऱ्याचं सारण, सोबत चटणी. आपल्या उपासाच्या पॅटिसचा हा श्रीमंत भाऊ.

उपासावरून आठवलं. सराफ्यात रात्री बाराला साबुदाण्याची खिचडी खाणारी माणसं दिसतात आणि त्यांतल्या एकाचाही उपास नसतो. साबुदाणा वाफवून मोकळा ठेवलेला असतो. मागितला की त्यात फराळी चिवडा, मसाला, लिंबू घालून कालवून देतात. दाण्याचं कूट आणि तुपातली जिऱ्याची फोडणी शोधू नका. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "घरची खिचडी घरी, बाहेरची बाहेर." मला तरी हे बरोबर वाटतं.

सगळ्यात मोठा फसवा शब्द म्हणजे शिकंजी. उत्तरेत इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. पहिल्या वेळी इतकं तळलेलं खाऊन पोट हलकं व्हावं म्हणून मी नागोरींकडं शिकंजी मागितली. हातात आला तो आटवलेल्या दुधाचा घट्ट, केशर-वेलची आणि सुक्या मेव्याचा थंड ग्लास. बासुंदी आणि मठ्ठ्याचं लग्न लावल्यासारखा. पोट हलकं राहिलं बाजूलाच, घरी चालत जायचीसुद्धा ताकद उरली नाही. तरीही तुम्ही ती घ्या, फक्त तीच शेवटची घ्या. त्यानंतर जलेबा दिसला, म्हणजे तळहाताहून मोठी, वजनावर विकली जाणारी जिलबी, तर लांबूनच नमस्कार करा.

छप्पन दुकान दिवसाउजेडीचं. न्यू पलासियात नावाप्रमाणे छप्पन दुकानांची रांग आहे. आता तिथं गाड्यांना बंदी आहे, बसायला बाकडी आहेत, सगळं चकचकीत. माझा जीव सराफ्यात जास्त रमतो, पण लहान मुलं किंवा गुडघेदुखीचे आईवडील बरोबर असतील तर इथंच या. इथला जॉनी हॉट डॉग प्रसिद्ध आहे आणि पुन्हा नाव फसवं: लांबट पावातलं सॉसेज नाही, गोल पावात तव्यावर भाजलेली टिक्की. मटणाचीही मिळते, आणि ऑम्लेट घातलेल्या पावाला बेंजो म्हणतात. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारखीला इंदूरमध्ये हा मोठाच आधार, कारण सराफा पूर्ण शाकाहारी आहे.

बसून जेवायचं असेल तर दोन गोष्टी. दुपारी सराफ्यातल्या राजहंसमध्ये दालबाफले. बाफला म्हणजे बाटीच, पण आधी पाण्यात उकडून मग भाजलेली, त्यामुळं आतून मऊ. तुपात बुडवून येतो. दोन खाल्लेत की संध्याकाळचे बेत रद्द. दुसरं, सरवटे बसस्टँडजवळचं गुरुकृपा, तिथली शेव-टमाटरची भाजी. स्टँडच्या नावातले सरवटे म्हणजे विनायक सीताराम सरवटे, संविधान सभेचे सदस्य, आपल्यातलेच. बसची वाट बघता बघता मराठी नाव वाचून बरं वाटतं.

कुठं जाऊ नका, हेही सांगते. बायपासवरच्या एका झगमगीत हॉटेलात मी घरच्या आठवणीनं 'महाराष्ट्रीयन थाळी' मागवली होती. पिठल्यात साखर होती आणि भाकरीच्या जागी तंदुरी रोटी. वाढणारा पोरगा मात्र गोड होता. म्हणाला, "भिया ने बोला था मराठी लोग मीठा खाते हैं." मराठी चव हवी असेल तर इथल्या मराठी मंडळींच्या खाद्यजत्रेची वाट बघा, नाहीतर माझ्या काकूंसारखी कुणीतरी गाठा.

जाताना शेव न्याच. लवंगेची शेव आणि जीरावनचं पाकीट. मी गेल्या दिवाळीत दोन्ही घरी नेलं. शेव वडिलांनी दोन दिवसांत संपवली. जीरावन आईनं आधी बाजूला सारलं, मग म्हणे एकदा भडंगावर घालून बघितलं. परवा भावाच्या मेसेजच्या पाठोपाठ तिचाही आला: "तो येतोय तर त्याच्याबरोबर दोन पाकिटं दे. मोठी."