बाग ५, पाहुणा ३१

डिसेंबरातली गोष्ट. निफाडचा पारा सहावर आलेला, इकडे नाशिकला गंगापूर रोडवर पण सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. क्लिनिकचं शटर वर करतोय तोच बाईकवरून एक पोरगा उतरला, मागं त्याचे वडील, आणि वडिलांच्या मांडीवर गाठ मारलेला उशीचा अभ्रा. मला वाटलं मांजर असेल. "डॉक्टर, बॉल पायथन आहे, चार दिवसांमागं उंदीर दिला होता, आज सकाळी ओकला." म्हणजे पाळलेला छोटा अजगर, निफाडहून इथवर, त्या थंडीत, अभ्र्यात! मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

आधी कागद विचारले. नाग, धामण, आपला अजगर, यातलं काहीही घरात ठेवलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हा आफ्रिकेतला असला तरी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागतेच. पोराने मोबाईलमध्ये दाखवली, तेवढं एक नीट केलं होतं.

ओकलेला उंदीर पण कॅरीबॅगमध्ये आणलेला, तो उघडल्यावर आमचा कंपाउंडर सरळ रस्त्यावर जाऊन उभा राहिला. उंदीर पचलाच नव्हता, आतल्या आत कुजला होता. सापाच्या अंगावर टेम्परेचर गन धरली तर १७! खाल्लेलं पचायला या प्राण्याला ३१-३३ चा गरम कोपरा लागतो आणि दुसरी बाजू २५-२६ ची, म्हणजे नको झालं की तिकडं सरकता येतं.

"घरी गरम कसं ठेवता?" तर म्हणे आजी रोज रात्री काचेच्या टाकीवर गोधडी घालते. मला हसूच आलं, पण आजीचं काय चुकलं, आपल्याला गोधडीत ऊब येते ती आपल्याच अंगाची, सापाला स्वतःची ऊब नसतेच, गार सापावर दहा गोधड्या टाकल्या तरी आत गारच. हीट मॅट, म्हणजे टाकीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, पोराने आणलेली होती, पण थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र) न लावता थेट प्लगात खुपसली, तळ चटके बसण्याइतका तापला म्हणून घाबरून काढून ठेवली. घाबरला ते बरंच झालं, साप पोटाखाली भाजत असला तरी पटकन उठत नाही.

नशीब, तोंडात फेस नव्हता, श्वासाला शिट्टी नव्हती. थर्मोकोलच्या खोक्यात टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून दोन-अडीच तासांत हळूहळू २८ वर आणला, इंजेक्शन वगैरे काही नाही.

तेवढ्या वेळात पोराला समजावत होतो, मॅट फक्त एक तृतीयांश तळाखाली, थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅटला चिकटवलेला, बारा-चौदा दिवस खायला अजिबात द्यायचं नाही, नंतर पहिला घास छोटा, आणि खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. पोरगा मान हलवत होता पण लक्ष सापाकडे. कळलं ते वडिलांना. गडी द्राक्षबागायतदार, म्हणाले, "म्हंजे बागेसारखंच की साहेब, पारा उतरला की आम्ही पहाटे शेकोट्या करतो, ड्रिप सोडतो, मणी तडकायच्या आधी. नंतर कितीबी औषध मारा." मी म्हटलं, बरोब्बर! मग त्यांनीच विचारलं, लाईट गेली तर? (हा प्रश्न मला शहरातला एकही प्राणी पाळणारा विचारत नाही.) हेच खोकं आणि बाटल्या, म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो यायला लागले, एक बागेतल्या थर्मामीटरचा, एक टाकीतल्या. खाली फक्त, "बाग ५, पाहुणा ३१."

तेराव्या दिवशी उंदराचं छोटं पिल्लू दिलं, ते पचलं. आजीची गोधडी पण परत आली, आता ती तीन बाजूंनी लावतात, वरची जाळी उघडी ठेवून. खाली मॅट असल्यावर गोधडीचा उपयोग होतो, हे आजीला सांगायला मी फोन केला तर त्या म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून तेच करत होते."