सेकंदाला एक वीत

मला ड्रोनने घेतलेला तीस सेकंदांचा एकच शॉट हवा होता. जुन्या झाडाच्या फुगलेल्या बुंध्यापासून सुरुवात करायची, मग सालीच्या अगदी जवळून सरळ वर. शेवाळाचे पट्टे, भेगांतून उगवलेली नेची, मुंग्यांची रांग, आणि सहा मीटर चढून एका ढोलीपाशी थांबायचं. सहा मीटर, तीस सेकंद. हिशेब केला तर सेकंदाला वीस सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. दोन वर्षं मी डोंगर, नदीचं पात्र, मोकळी शेतं चित्रित करत होते आणि ते फुटेज लोण्यासारखं मऊ यायचं. त्यामुळे हात बसलाय अशी माझी समजूत होती. पहिल्या सकाळी सात टेक घेतले, घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले आणि एकही ठेवण्यासारखा नव्हता. खोड डावीकडे सरकत होतं, परत येत होतं. चढण्याचा वेग मध्येच वाढायचा, मध्येच पडायचा. शेवटी ड्रोन असा थांबायचा की जणू कुणी मागून दोरी ओढली.

गिंबल, म्हणजे ड्रोनवर कॅमेरा स्थिर धरणारा मोटरींचा सांगाडा, बिघडला असेल म्हणून मी तो कॅलिब्रेट केला. काही फरक पडला नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. गिंबल तीन अक्षांवर काम करतो. कॅमेरा वर-खाली कलला, एका कुशीला झुकला किंवा मान वळवावी तसा फिरला, तर मोटरी त्याला तितकंच उलट फिरवून सरळ धरतात. पण अख्खा ड्रोनच दहा सेंटीमीटर बाजूला सरकला तर तो काय करणार? ते सरकणं फ्रेममध्ये जसंच्या तसं उतरतं. अर्ध्या किलोमीटरवरच्या डोंगराला दहा सेंटीमीटरचा पत्ताही लागत नाही. दोन मीटरवरच्या खोडाच्या बाबतीत मात्र तेच दहा सेंटीमीटर जवळजवळ तीन अंश होतात, आणि ते डोळ्याला खुपतात. इतकी वर्षं माझं फुटेज मऊ यायचं ते लांबच्या अंतरामुळे, हे तेव्हा लख्ख कळलं.

वेगाचंही तेच. वीस मीटरवरून सेकंदाला एक मीटर सरकलं तर दृश्य संथपणे वाहतं. तोच वेग दोन मीटरवर आणा, दृश्य दहापट जोरात पळाल्यासारखं दिसतं. म्हणून ‘हळू’ हा शब्द अंतरावाचून अर्धाच आहे.

आता साधनांकडे. ड्रोनमध्ये चित्रीकरणासाठी एक हळू उडण्याचा मोड असतो, सिने मोड. नाव ऐकून तो संथच असणार असं वाटतं, पण माझ्या छोट्या ड्रोनवर त्या मोडमध्येही आडवा वेग सेकंदाला ६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे ताशी साडेएकवीस किलोमीटर. चढण्याचा वेग २ मीटर. मला हवा होता त्याचा दहावा भाग. २०१६ साली आलेल्या मॅविक प्रो या ड्रोनमध्ये ट्रायपॉड मोड होता आणि त्यात वेग ताशी ३.६ किलोमीटरला बांधलेला असायचा. जवळच्या कामासाठी ती मर्यादा किती विचारपूर्वक ठेवली होती, हे मला या झाडाखाली उभं राहून समजलं.

मग ड्रोनच्या ॲपमधल्या ज्या पानावर मी कधी फिरकले नव्हते तिथे बसले. सिने मोडपुरता कमाल वेग उतरवला. एक्स्पो बदलला. एक्स्पो म्हणजे रिमोटवरची स्टिक मधल्या भागात किती मवाळ असावी याचा आकडा. माझ्या ॲपमध्ये तो जितका कमी, तितका मधला भाग मऊ. रेसिंग ड्रोन उडवणाऱ्यांकडे नेमकं उलट असतं, तिथे आकडा वाढवला की मधला भाग मवाळ होतो. त्यामुळे दुसऱ्याचे आकडे डोळे मिटून उचलू नका. आणि सर्वांत मोठा फायदा झाला तो वळण्याचा वेग अगदी तळाला नेल्याने. डाव्या स्टिकवर चढणं आणि वळणं दोन्ही असतात. वर ढकलताना अंगठा केसभर तिरका गेला की ड्रोन मान वळवतो आणि खोड फ्रेमबाहेर निघायला लागतं. वळण्याचा वेग उतरवल्यावर ती केसभर चूक केसभरच राहिली.

बोटांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मी नुसत्या अंगठ्यांनी उडवायचे. आता अंगठा वर आणि तर्जनी बाजूला, अशी स्टिक चिमटीत धरायला लागले. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास चालू ठेवायचा. श्वास रोखला की हात कडक होतो आणि पुढचा श्वास सुटताना स्टिक हलते. चिमटीने हालचाल खरंच बारीक होते, फक्त डावी तर्जनी तिथे गुंतल्यामुळे कॅमेरा वर-खाली कलवण्याची चकती फिरवायला बोट उरत नाही. मला चढता चढता कॅमेरा हळूच उचलायचा होता. चार दिवस ते साधण्यात घालवले आणि मग तो मोह सोडला. कॅमेरा दहा अंश खाली झुकवून ठेवला आणि तसाच राहू दिला. शॉट त्याने गरीब झाला नाही, उलट खोडच बोलायला लागलं.

सराव मी झाडापासून दूर केला. मोकळ्या जागेत पाच मीटरच्या अंतराने दोन काठ्या रोवायच्या आणि एकीपासून दुसरीपर्यंत पंचवीस सेकंदांत जायचं, मोठ्याने आकडे मोजत. तेराच्या आकड्याला बरोबर मध्ये असलंच पाहिजे. पहिले तीन दिवस मी नऊलाच मध्यावर पोहोचत होते, कारण ड्रोन हलला की नाही या शंकेने स्टिक थोडी जास्त दिली जायची. ती शंका आवरणं हेच निम्मं काम. तुम्ही स्टिक दिली आहे, तो निघतोय, थांबा.

सहाव्या दिवशी माझ्या हातून नुकसान झालं. शेवटचा हिसका घालवायला मी ब्रेक सेन्सिटिव्हिटी एकदम तळाला नेली होती. त्याने ड्रोन स्टिक सोडल्यावर लगेच न थांबता घसरत घसरत थांबतो, आणि दिसायला ते सुंदरच दिसतं. पण त्या घसरण्याला जागा लागते. ढोलीच्या वर एक वाळकी फांदी होती, बोटाएवढी. समोरचे अडथळे ओळखणारे सेन्सर मी बंद केले होते, कारण पानं दिसताच ते मध्येच ब्रेक लावून टेक मोडायचे. तसंही बोटाएवढी फांदी त्यांना दिसेलच याचा भरवसा नसतो. पंखा फांदीला चाटून गेला, टक्क असा आवाज आला. ड्रोन पडला नाही. मी खाली उतरवला, वरवर पाहिलं, सगळं ठीक वाटलं म्हणून पुन्हा उडवला.

त्या दिवशीचं उरलेलं फुटेज जेलीसारखं थरथरत होतं. सरळ खोड पाण्यातल्या सावलीसारखं लहरत होतं. पात्याच्या कडेवरून नख फिरवलं तेव्हा अर्ध्या तांदळाएवढी खाच लागली. एवढ्याशा खाचेने पात्याचा तोल जातो, मोटर कंप पावते, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे तो कंप चित्रात लाट होऊन उमटतो. त्या मोटरवरची दोन्ही पाती बदलली, लहर गेली. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी मी पात्यांवरून नख फिरवते. ब्रेकचा आकडा मध्यावर आणला आणि थांबणं बोटांकडे सोपवलं: स्टिक सोडायची नाही, तीन-चार सेकंद घेऊन परत मध्यावर आणायची.

अंतराचा अंदाज हा दुसरा घोळ. ड्रोनच्या मागे उभं राहिलं की तो खोडापासून हातभर आहे की दोन मीटर, कळतच नाही. मी बाजूला जाऊन उभी राहिले, जिथून ड्रोन आणि खोड यांच्यामधली फट आडवी दिसते. पण मग पडद्याकडे कोण बघणार? धाकट्या भावाला सोबत घेतलं. तो फटीवर नजर ठेवायचा, मी फ्रेमवर. “ताई, सरकतोय जवळ.” “किती?” “वीतभर. आता बरोबर आहे, चल.” त्याच्या या चार शब्दांवर मी जितकी विसंबले तितकी कुठल्याच सेन्सरवर नाही. अंतर आम्ही दोन मीटर धरलं. एका मीटरच्या आत माझी लेन्स स्पष्ट दाखवत नाही आणि पंख्यांच्या वाऱ्याने नेचीची पानं फडफडतात. खालून वर जाण्याचं कारणही हेच होतं. वारा खाली ढकलला जातो, त्यामुळे चढताना फ्रेममध्ये येणारी प्रत्येक गोष्ट अजून शांत असते. सुरुवातही जमिनीपासून दीड मीटरवर केली. त्याखाली वाळकी पानं उडून फ्रेममध्ये येत होती आणि जमिनीवर आपटून परतणाऱ्या हवेने ड्रोन डचमळत होता.

वेळ कोणती निवडायची यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले. वारा पहाटे निजलेला असतो म्हणून मी फटफटतानाच यायचे. पण दाट पानांखाली जीपीएस दुबळं होतं. अशा वेळी ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्यांनी जमीन बघून जागा धरतो, आणि अंधुक उजेडात त्यांनाही जमीन दिसत नाही. नांगर सुटलेल्या होडीसारखा तो अर्धा-अर्धा मीटर तरंगत जायचा आणि मी मात्र बोटांना दोष देत होते. उजेड वाढू दिला तर तो जागेवर खिळतो, पण ऊन तापलं की वारा उठतो. मधली चाळीसेक मिनिटं तेवढी आपली. रोज त्यात दोन बॅटऱ्या, फार तर आठ टेक.

कॅमेऱ्याचं सगळं हाताने ठरवलं. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १००, रंगांचा तोल ठरवणारा व्हाइट बॅलन्स बांधलेला, आणि उजेड जास्त झाला की एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड कमी करणारी काच. ऑटोवर ठेवलं तर काळ्या सालीवरून आकाशाच्या तुकड्याकडे जाताना चित्र एकदम मिणमिणतं आणि संथ शॉटमध्ये ते लपत नाही. ५० फ्रेमनी घेऊन निम्म्या वेगाने दाखवावं असंही मनात आलं. थरथर त्याने खरंच झाकली जाते. पण मुंग्यांची चाल निम्मी झाली आणि ते मला खोटं वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ड्रोन बाहेर काढण्यापूर्वी दोन दिवस मी दुर्बिणीतून ती ढोली बघत बसले होते. कुणी पक्षी आत-बाहेर करत असता, तर हा शॉट मी घेतलाच नसता.

अकराव्या सकाळी पाचवा टेक. रेकॉर्डिंग सुरू केलं, पाच सेकंद नुसतं तरंगू दिलं. मग चिमटीने स्टिक वर, कागदाच्या जाडीइतकी. मनात आकडे. सहाला शेवाळाचा पहिला पट्टा आला, अकराला नेची, त्यांच्या टोकाला दवाचा थेंब तसाच लटकलेला. पंधराला निम्मं खोड. भाऊ एकदाही बोलला नाही, म्हणजे फट जागेवर होती. वीसला मुंग्यांची रांग आमच्याच दिशेने चढत होती, आमच्यापेक्षा हळू. सत्तावीसला ढोलीची खालची कड दिसली आणि मी स्टिक परत आणायला घेतली. एकतीसला ड्रोन थांबला. नक्की कधी थांबला ते मला पडद्यावर सांगता आलं नाही, घरी दोनदा मागे-पुढे करून पाहिलं तरी फ्रेम सापडली नाही.

भावाने विचारलं, “अजून एक घ्यायचा?” बॅटरी ३४ टक्के होती, वरची पानं हलायला लागली होती. मी ड्रोन हातभर मागे घेतला, मग खाली उतरवला आणि पाती दुमडली.