ज्वारीच्या डब्याचा तळ

गेल्या महिन्यात आमच्या कोर्टात घरफोडीच्या एका खटल्यात दोन पोरं निर्दोष सुटली. पंच फितूर झाले, जप्ती शाबित झाली नाही, संशयाचा फायदा मिळाला. निकालपत्र मी दोनदा वाचलं. त्या गुन्ह्यात मुळात तीन आरोपी होते. तिसरा माझा अशील. तो एकटाच दोषी ठरला, आणि तोही स्वतःच्या तोंडाने. तेव्हापासून माझं डोकं त्या तिसऱ्या पोराभोवती आणि त्याच्या आईभोवती फिरतंय, म्हणून हे लिहिते आहे. दोघांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकिली करते आणि मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे. मोफत वकील म्हणजे फुकटचा वकील, म्हणजे कामचुकार, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आमच्यातल्या काहींनी ते बसवायला मदतही केली आहे. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या दारात पहिल्यांदा कागद उघडणारे वकील मी पाहिलेत. मला ते जमत नाही. या केसचे कागद मी तीन रात्री वाचले होते.

गुन्हा डिसेंबर 2023 चा. निवृत्त शिक्षिकेचं बंद घर, रात्री कडीकोयंडा तोडून आत शिरले, रोख अकरा हजार, एक मोबाईल आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या गेल्या. भारतीय दंड संहिता कलम 457 आणि 380. तीन पोरांना उचललं. माझा अशील तेव्हा वीस वर्षांचा, टेम्पोवर हमाली करणारा, आधी एकही गुन्हा नाही. वडील दारूत गेले. आई एका खासगी दवाखान्यात फरशी पुसते.

आई आणि मुलगा ख्रिस्ती, मीही ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. माझे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, मास्तर झाले, पुढच्या पिढ्या शिकल्या. तिच्या घरापर्यंत ती शाळा पोचली नाही. आमच्या भागातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे वस्ती तीच, काम तेच, लोकांची नजर तीच, फक्त दाखला नाही. विधी सेवेच्या 1987 च्या कायद्यात अनुसूचित जातीच्या माणसाला जातीच्या आधारावरच मोफत वकील मिळतो. या पोराला मिळाला तो कोठडीत होता म्हणून.

जामीन मंजूर झाला जानेवारीत. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. बाहेरच्या माणसाला वाटतं, जामीन झाला म्हणजे पोरगं घरी आलं. तसं नसतं. जामीनदार आणायचा म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा किंवा घरपट्टीची पावती आहे असा माणूस, त्याचं आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि त्याचा कोर्टात एक दिवस मोडायचा. पत्र्याच्या खोल्यांच्या वस्तीत सातबारा कोणाकडे असणार? कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार मिळतात, सगळ्यांना माहीत आहे, पण मी त्या वाटेला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगून ठेवलंय की जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. आमच्याकडे कोणी कळवलं नाही. मीच अट शिथिल करायचा अर्ज दिला आणि त्याला पुढची तारीख पडली.

मी स्वतः का उभी राहिले नाही, असं मला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी विचारलं. वकिलाने स्वतःच्या अशिलाला जामीन राहायचं नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. मी त्या बाईंना म्हटलं, तुमच्या नावावर दोन एकर आहे, तुम्ही राहा. त्या गप्प झाल्या. आमच्या दगडी देवळात नाताळाला रोषणाईसाठी वर्गणी जमते, ती मीही देते. पण आपल्याच माणसाच्या पोराला जामीन राहायला त्या देवळातून एकही जण निघाला नाही, हे मला विसरता येत नाही.

आता जप्तीबद्दल. तेच माझं शस्त्र होतं. आरोपी कोठडीत म्हणतो, 'लपवलेलं काढून देतो.' ते दोन पंचांसमोर लिहून घ्यायचं, तो निवेदन पंचनामा. मग त्याच्यामागे जाऊन वस्तू काढायची, तो जप्ती पंचनामा. आरोपीने पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्या कबुलीतून वस्तू निघाली तर तेवढा भाग चालतो. म्हणून घरफोडीच्या केसमध्ये सगळा डोलारा या दोन कागदांवर असतो. माझ्या अशिलाकडून पत्र्यामागून दोन हजार तीनशे रुपये काढले, असं कागद सांगत होता. नोटांचे नंबर नाहीत. लाखेचं सील नाही. निवेदन संपल्याची वेळ आणि जप्ती सुरू झाल्याची वेळ यांत दहा मिनिटं, आणि ठाण्यापासून वस्ती चार किलोमीटर. वर दोन्ही पंच त्याच ठाण्याच्या आणखी दोन केसेसमध्ये पंच होते. मी प्रश्न लिहूनच ठेवले होते. ठाण्यातून निघालात तेव्हा घड्याळात किती वाजले होते? कोणत्या गाडीने गेलात? याआधी कधी पंच म्हणून सही केलीत? तीन प्रश्नांत तो कागद फाटला असता. पोलिसांनी जरा लक्ष देऊन काम केलं असतं तर निरपराध माणूसही वाचला असता आणि अपराधीही सापडला असता. पण घाईघाईत भरलेला तो पंचनामा कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्याची आई माझ्याकडे आली. हातात दवाखान्यातली औषधाची कागदी पुडी. "ताई, हे बघा ना जरा," म्हणत तिने ती टेबलावर ठेवून उघडली. आत काळ्या दोऱ्याचा तुकडा, त्यात चार-पाच मणी, आणि दोन वाट्या. एका वाटीच्या कडेला जुनी चेप. खोबणीत ज्वारीचं पीठ बसलं होतं.

मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "उचला ते. मी काही बघितलेलं नाही."

तिने मुकाट्याने पुडी बांधली आणि पदरात खोचली. ते तिचं पुडी बांधणं मला अजून दिसतं.

वाट्या तिला ज्वारीच्या डब्यात सापडल्या होत्या. अगदी तळाशी. पोराची कमाई बंद, कोर्टाच्या फेऱ्यांत तिचे खाडे, म्हणून तो डबा बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा खाली गेला. चार पैसे हातात असते तर तळ दिसलाच नसता.

मी वकील म्हणून जे सांगायचं ते सांगितलं. हे पोलिसांना दिलंत तर पोरगा अडकला. विहिरीत टाकलंत तर पुरावा नष्ट केला. घरात ठेवलंत तर चोरीचा माल जाणूनबुजून ठेवला म्हणून कलम 411, तुमच्यावरच. मग मी आणखी एक वाक्य बोलले. त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. म्हटलं, "खटला संपू द्या. चार-सहा महिन्यांत पोरगा सुटेल. मग बघू परत कसं करायचं ते."

ती म्हणाली, "तोवर त्या बाईचा गळा तसाच राहील ना?"

मग तिने सांगितलं. त्या शिक्षिकेच्या नवऱ्याचं डायलिसिस तिच्याच दवाखान्यात चालतं. चोरीच्या रात्री तो तिथे भरती होता आणि बाई त्याच्या उशाशी बसून होती. घरी कोणी नाही हे पोराला कसं कळलं? "माझ्याच तोंडून गेलं, ताई. जेवताना बोलले, बिचारीचं घर बंद आहे दोन दिवस, कोणी सोबतीला नाही. कीव आली म्हणून बोलले." आठवड्यातून दोनदा ती बाई समोर बसते, गळ्यात नुसते काळे मणी, आणि ही तिच्या पायाखालची फरशी पुसते. सापडल्यापासून तीन दिवस वाट्या हिच्याकडे होत्या. "ते तीन दिवस माझे," म्हणाली.

वाट्या पाच-सहा ग्रॅमच्या असतील. तेव्हाच्या भावाने तीस हजारांच्या वर. पोराच्या सुटकेला पंधरा हजारांचा जामीन हवा होता, आणि घरात त्याच्या दुप्पट सोनं. विकायचा विचार आला का, मी विचारलंच. "आला की. पहिल्या रात्री तोच आला." पुढे काही बोलली नाही.

तिच्या पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनासभेच्या पाळकांनी सुचवलं होतं की दानपेटीत टाका, मी नाव न सांगता पोचवतो. भला माणूस, त्याने वाट काढून दिली होती. तिला ती पटली नाही. "जक्कयाने चौपट परत केलं, तेही सगळ्यांसमोर. माझ्याच्याने एकपट होतंय, ते तरी तोंड दाखवून करू द्या." बायबलमधल्या जक्कयाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत पाठ केलेली आहे. झाडावर चढलेल्या बुटक्या जकातदाराचं चित्रही रंगवलंय. ती अशी कोणाच्या पदरात बांधलेली असेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

मी तिला थांबवलं, एका कारणासाठी. खटला तिचा नव्हता, पोराचा होता. त्याला न विचारता कोणी काही करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुय्यम कारागृहात जाऊन त्याला भेटले. सरळ विचारलं. त्याने मान खाली घातली. मी त्याला म्हटलं, कायदा तुला गप्प राहायचा हक्क देतो आणि गप्प राहिलास तर बहुतेक सुटशील. हे सांगणं माझं कर्तव्य होतं. पुरेसा पुरावा नसताना कोणाला शिक्षा होऊ नये, वकिलाने अशिलाच्या अपराधाबद्दलचं स्वतःचं मत बाजूला ठेवून लढावं, हे मी मनापासून मानते. आजही मानते. त्याने एकच विचारलं, "आईला आत घेतील का?" मी म्हटलं, खात्री देता येत नाही. बराच वेळ तो गजाला धरून उभा होता. "आई देणारच. ती ऐकायची नाही. तिने दिल्यावर 'मी नव्हतो' असं मी कसं म्हणू?" मी आठवडाभर विचार करायला सांगितलं आणि आठवड्याने परत गेले. उत्तर तेच.

वाट्या तिने डायलिसिसच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात दिल्या. मी तिथे नव्हते. शिक्षिका नंतर मला म्हणाल्या, "मी तिच्यावर ओरडले. चार माणसं जमली. ती तशीच उभी राहिली." दवाखान्याने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये दोषारोप ठेवायची तारीख. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? बाकीच्या दोघांनी नाही म्हटलं, याने आहे म्हटलं. न्यायाधीश थांबले. कोणाचा दबाव आहे का, शिक्षा होऊ शकते हे कळतंय का, असं विचारून त्यांनी प्रकरण जेवणानंतर ठेवलं. जेवणानंतरही त्याने तेच सांगितलं. त्याचं प्रकरण वेगळं काढलं. बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील मला म्हणाले, "जिंकलेली केस हातची घालवलीस, धर्म आड आला." मी त्यांना उत्तर दिलं नाही. त्यांना न दिलेलं उत्तर मी अजून शोधते आहे.

मी 1958 चा परिविक्षा कायदा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा (प्रोबेशनचा) कायदा, हातात घेतला. त्याच्या कलम 6 प्रमाणे एकवीस वर्षांखालच्या गुन्हेगाराला शक्यतो तुरुंगात धाडायचं नाही, आणि वय धरतात ते कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवसाचं. पोराला एकवीस पूर्ण व्हायला अडीच महिने होते. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल लागतो आणि त्यांच्याकडे फायलींचा ढीग. मी तीन वेळा त्यांच्या कार्यालयात जाऊन बसले. त्यांनी शिक्षिकेचीही भेट घेतली, आणि बाईंनी वाट्या परत मिळाल्याचं, कोणी दिल्या त्याचं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी एवढंच जोडलं की या मुलाला तुरुंगात ठेवून माझं काही भलं होणार नाही. एप्रिलअखेर आदेश झाला. दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, जामीनदाराशिवाय. चार हजार रुपये नुकसानभरपाई. संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा आईने त्याला मिठी मारली नाही. पिशवीतून भाकरी काढली आणि कोर्टाच्या कट्ट्यावर बसवून खायला घातली. आईवर कोणी गुन्हा नोंदवला नाही.

भरपाई तिने चार हप्त्यांत भरली. आता दोन घरची धुणीभांडी करते. पोरगा सुरक्षारक्षकाच्या कामाला गेला, चारित्र्य पडताळणीत 'दोषी' निघाला, नको म्हणाले. त्याच कायद्याच्या कलम 12 मध्ये स्पष्ट लिहिलंय की परिविक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. पण गेटवर कागद तपासणाऱ्याला कलम 12 कोण सांगणार? इकडे त्या दोन निर्दोष पोरांचं रेकॉर्ड कोरं आहे. त्यातला एक परवा नव्या मोटारसायकलवर दिसला.

या निकालाचं मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सुटले का? बरं झालं, त्यांच्याही आया आहेत." मला तसं म्हणता आलं नाही. मला राग होता, अजून आहे. त्या दिवशी मी तिला खटला संपेपर्यंत थांबायला सांगितलं, ते चूक होतं का? त्यावर मी प्रार्थनेत बसले आहे आणि कायद्याच्या पुस्तकातही बसले आहे. दोन्हीकडून उठताना हातात वेगवेगळं काहीतरी असतं.

काल ती परत आली होती. कलम 12 मराठीत, सोप्या भाषेत, माझ्या लेटरहेडवर लिहून हवं होतं, पोराला कामाच्या ठिकाणी दाखवायला. मी लिहिलं, सही-शिक्का केला. तिने कागद दोनदा दुमडला, बायबलच्या प्लास्टिकच्या कव्हरात सरकवला आणि विचारलं, "ताई, याच्या अजून तीन प्रती मिळतील का? लांब लांब जातो तो, एखादी हरवते."