खिडक्या लहान झाल्या आणि भार वाढला
रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर चालणाऱ्या एका माहितीफलकाची तक्रार माझ्याकडे आली. नवी मांडणी चढवल्यापासून पडद्यावर मधूनमधून आडव्या पट्ट्या उमटत होत्या. पूर्वी फुल एचडी पार्श्वचित्रावर १२८०×७२० पिक्सेलच्या दोन व्हिडिओ-खिडक्या मूळ आकारात होत्या. नव्या मांडणीत त्याच खिडक्या २४० ओळींच्या उंचीइतक्या लहान करून कोपऱ्यांत बसवल्या होत्या. खिडक्या लहान झाल्यावर बिघाड सुरू व्हावा हे कोणाला पटेना, म्हणून आधी केबल आणि पॉवर सप्लाय बदलून पाहिले. काही फरक पडला नाही.

मग मी या संगणकाच्या ग्राफिक्स चिपसाठी लिनक्समध्ये असलेल्या व्हीसी४ ड्रायव्हरकडे वळलो. या चिपमधला एचव्हीएस हा भाग प्रत्येक प्लेन (पार्श्वचित्र किंवा खिडकी असा चित्राचा एकेक थर) मेमरीतून वाचतो, त्याचा आकार बदलतो आणि पडद्याकडे जाणारी ओळ ऐन वेळी रचतो. मेमरीतून पिक्सेल वेळेवर आले नाहीत, तरी पडदा त्यांच्यासाठी थांबत नाही. यालाच अंडररन म्हणतात. डीबगएफएसमधला (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल-व्यवस्थेतला) अंडररनचा आकडा नव्या मांडणीत वाढताना दिसला. (एक अंडररन नोंदला गेला की पुढच्या फ्लिपपर्यंत, म्हणजे पडद्यावरचे चित्र पुन्हा बदलेपर्यंत, ड्रायव्हर त्याची सूचना देणारा इंटरप्ट बंद ठेवतो, त्यामुळे बिघाड किती मोठा आहे हे या आकड्यावरून ठरवू नये.)

अशी वेळ येऊ नये म्हणूनच या ड्रायव्हरमध्ये लोड ट्रॅकर, म्हणजे भार मोजणारा भाग, आहे. अ‍ॅटॉमिक चेकच्या (मांडणी लागू करण्यापूर्वीच्या तपासणीच्या) वेळी तो सर्व प्लेनचा भार एकत्र करतो, आणि मेमरी बसवरील (मेमरीतून डेटा वाहणाऱ्या मार्गावरील) बेरीज सेकंदाला दीड गिगाबाइटच्या, म्हणजे सुमारे १६१ कोटी बाइटच्या पुढे गेली, तर मांडणी नाकारतो. उंची एकतृतीयांश करायची, तर पडद्यावरच्या एका ओळीच्या वेळात मुळातल्या तीन ओळी वाचाव्या लागतात, म्हणून ट्रॅकर त्या प्लेनचा भार तिप्पट धरतो. पिक्सेलमागे ४ बाइट आणि सेकंदाला ६० फ्रेम या हिशेबाने मूळ आकारातली एक खिडकी २२ कोटी बाइटची होते आणि लहान केलेली ६६ कोटींची. पार्श्वचित्राचे जवळपास ५० कोटी मिळवले की जुन्या मांडणीची बेरीज ९४ कोटी भरते आणि नवीची १८२ कोटी.

म्हणजे ही मांडणी मुळातच नाकारली जायला हवी होती. शोध घेतला तेव्हा फलकाच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ट्रॅकर बंद करणारी एक ओळ सापडली. पूर्वी कधीतरी त्याने एक मांडणी नाकारली होती आणि कोणीतरी हा सोपा मार्ग काढला होता. ट्रॅकरचा अंदाज मुद्दाम चढा ठेवलेला आहे हे खरे, पण तो बंद करणे मला मान्य नाही, कारण नकार मिळाला तर तेच काम जीपीयूकडून (ग्राफिक्स प्रोसेसरकडून) करून घेता येते आणि अंडररन झाल्यावर मात्र प्रोग्रामच्या हाती काहीच उरत नाही. ती ओळ मी काढून टाकली आणि व्हिडिओ मुळातच ४२७×२४० आकारात पाठवायला सांगितले. तशी फीड सुरू झाल्यावर बेरीज ५५ कोटींच्या आत आली, आणि ट्रॅकर चालू ठेवूनच नवी मांडणी मंजूर झाली.